चौथा ठिपका

दुर्बिणी बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. एका परसात दुर्बीण, पेन्सिल आणि खोडरबर राहत होते. दिवेलागणीला दुर्बीण गुरू बघायची, सांगायची आणि पेन्सिल वहीत काढायची: मधोमध गुरू, आजूबाजूला त्याच्या चार चंद्रांचे चार ठिपके.

एका संध्याकाळी दुर्बीण म्हणाली, "आज तीनच दिसताहेत गं."

"काच पूस, बाई."

"पुसली. तीनच."

पेन्सिलीचा जीव खालीवर झाला. रोज चार आणि आज तीन? बघणारे म्हणतील, पेन्सिल झोपली होती! शिवाय डावीकडची जागा कशी बोडकी दिसत होती. तिने तिथे चांगला दाबून एक टपोरा ठिपका देऊन टाकला.

"हा कुठून आला?" खोडरबराने विचारलं.

"चार असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

तेवढ्यात दुर्बीण ओरडली, "अगं, सापडला चौथा! गुरूच्या मागे दडला होता. हा बघ, उजवीकडून बाहेर येतोय!"

पेन्सिल कसनुशी झाली. आता वहीत चंद्र होणार होते पाच. "खोड रे बाबा पटकन," ती पुटपुटली.

खोडरबराने अंग झिजवून डावीकडचा ठिपका पुसला. पण खालच्या कागदापर्यंत खळगा पडला होता, तो काही त्याला पुसता येईना.

दुसऱ्या संध्याकाळी चंद्र उठून दिसावेत म्हणून पेन्सिल पुढच्या पानावर आकाश काळं करू लागली, तर डावीकडे त्याच जागी, जिथे खळग्यात शिसं पोचेना, एक पांढराशुभ्र चंद्र उगवला.

दुर्बिणीने पुन्हा पुन्हा आभाळ धुंडाळलं. "हा कुठला गं? मला तर दिसत नाही."

"तो आभाळातला नाही," पेन्सिल हळूच म्हणाली. "तो माझा."