खालची पायरी आधी

फार मागे, जनावरं बोलत तेव्हा, साळुंकी कुंपणावरून सांगत होती, "अहो, शेजारच्या कुत्रीचं पिल्लू जिन्यावरून गडगडलं! आता ते कधीच..." आणि वाक्य अर्धं टाकून उडाली. पुढचं ऐकायला चंद्री शेळी थेट शेजारच्या अंगणात घुसली.

पिल्लू जिन्याखाली कुडकुडत होतं. आई माडीवर साखळीला बांधलेली.

"मावशी, भूक लागलीय. पण वर गेलो, तर उतरू कसा?"

"उतरणं वरून शिकायचंच नाही, सोन्या. एक पायरी चढ, वळ, तेवढीच उतर. मग दोन."

तिसऱ्या पायरीवरून पिल्लू नाकावर आपटलं.

"लागलं? बरं. पुन्हा!"

संध्याकाळी पिल्लू आईचं दूध पिऊन सगळा जिना एकटं उतरलं.

साळुंकी परतली. चंद्रीने तिला विचारलं, "काय गं, मघाशी काय म्हणत होतीस?"

"हेच, की पिल्लू पडलं, आता कधीच जिना उतरायचं नाही."

"पडलं, एवढं खरं," चंद्री म्हणाली. "बाकीचं त्यालाच विचार, तुझ्यापुढेच उभं आहे."