चोरवाळूतली हाक

आपल्या पणज्यांनी ज्यांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकल्या, त्यांच्याही आधीची ही गोष्ट. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर डूनारा नावाचं एक गाव आहे. गावासमोर बेट आहे आणि त्या बेटावर गावाची दफनभूमी. ओहोटी लागली की मधली वाळू उघडी पडते. मग शवपेटी खांद्यावर घेऊन गाव चालत बेटावर जातं आणि भरती यायच्या आत परत फिरतं. पण त्या वाळूत कुठंतरी पाय पडताच माणसाला गिळणारी चोरवाळू असते. वरून ती काही वेगळी दिसत नाही, आणि हिवाळ्यातली वादळं दरवर्षी तिची जागा बदलतात.

त्या काळी लोकांना वाट दाखवायचं काम सोरखा नावाची मुलगी करायची. वय सतराच्या आसपास. वडील समुद्रात बुडाले आणि हे काम तिच्या अंगावर पडलं. धाकटा भाऊ फिंतान लांब काठीनं वाळू चाचपत पुढं चालायचा, ती मागून लोकांना आणायची. घरात दोघांचं क्षणभर पटायचं नाही. आई म्हणायची, "तुम्ही वाळूवर असता तेवढीच माझ्या कानांना विश्रांती!"

एकदा एका म्हाताऱ्याची शवपेटी घेऊन गाव निघालं. अर्ध्या वाटेत समुद्रावरून धुकं आलं, इतकं दाट की शेजारचा माणूस दिसेना. फिंतानची काठी सर्रकन आत गेली आणि तिच्यामागोमाग तोही, कमरेपर्यंत. सोरखा पोटावर आडवी पडली आणि तिनं त्याचा हात धरला. ती ओढत राहिली. मदतीला जो पुढं येई त्याचेच पाय रुतू लागत. तेवढ्यात पाणी घोट्याला लागलं. भरती सुरू झाली होती.

"आधी ह्यांना ने," फिंतान म्हणाला.

"गप्प बस. जोर लाव!"

"सोरखा, ह्यांना वाट दिसत नाहीये. बरोबर पोरं आहेत. जा ना!"

तिनं हात सोडला. लोकांना बेटावर पोचवलं आणि तशीच मागं धावली. पाणी छातीला लागलं तरी ती पुढं जात होती. तिला काठी सापडली. फिंतान सापडला नाही.

त्यानंतर धुकं पडलं की वाळूवरून पोराची हाक यायला लागली. "इकडेऽ! इकडेऽ!" एक कोळी त्या आवाजाच्या रोखानं गेला, तो परतलाच नाही. लोक म्हणू लागले, पोराला एकटं करमत नाही, तो सोबतीला माणसं नेतोय. आवाज जिथून येतो तिथं लोखंडी खुंटा ठोकायचा म्हणजे भूत जागीच बांधलं जाईल, असं गावानं ठरवलं. पाद्रीबाबांनीही मान डोलावली.

सोरखा त्यांना म्हणाली, "आधी मी त्याला विचारते. मग काय ते ठोका."

आईनं तिचा हात धरून ठेवला, पण ती गेली. धुक्यात ती एकटीच आवाजाच्या दिशेनं चालत राहिली. जवळ गेल्यावर तो दिसला. कमरेपर्यंत वाळूत, ओठ निळे, केसांतून पाणी ठिबकत होतं.

"थांब! पुढं पाऊल टाकू नकोस," तो ओरडला.

"मग 'इकडे, इकडे' म्हणून लोकांना बोलावतोस कशाला?"

"मी कुठं बोलावतो? 'इकडे नको' म्हणतोय मी. घसा फुटेस्तोवर ओरडतो, पण 'नको' वारा घेऊन जातो."

सोरखा तिथंच ओल्या वाळूत बसून रडली, असं म्हणतात. मग तिनं गावाला सगळं सांगितलं आणि खुंटा समुद्रात फेकून दिला. त्या दिवसापासून धुकं असलं की ती आधी कान देऊन ऐकायची, आणि हाक जिथून येई त्या जागेला वळसा घालून लोकांना न्यायची. चोरवाळू सरकली की फिंतानही तिच्याबरोबर सरकायचा. पुढं त्या वाटेवर कुणी बुडालं नाही.

सोरखानं लग्न केलं नाही. धुक्याच्या दिवशी ती वाळूवर जाऊन भावाशी बोलत बसायची. तो पोराएवढाच राहिला, ती म्हातारी झाली. तो दर वेळी विचारायचा, "आई जेवली का?" आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी ती म्हणायची, "जेवली." कधी तो विचारायचा, "मी घरी कधी येऊ?" त्यावर ती गावातलं दुसरंच काही सांगायला लागायची. तो तिथून हलला तर लोकांना सावध कोण करणार?

शेवटी तिचे गुडघे गेले. एका सकाळी धुकं उतरलं तशी ती शाल पांघरून निघाली. शेजारणीनं हटकलं, "ह्या वयात कुठं चाललीस?"

"फिंतान फार वेळ थंडीत उभा आहे गं," ती म्हणाली. "त्याला घरी पाठवते."

किनाऱ्यावरच्या लोकांनी दोन आवाज ऐकले. पोराचा रडका, "नाही, तू नको!" आणि म्हातारीचा, लहानपणी त्याच्यावर खेकसायची अगदी तसा, "गप्प बस. चल, नीघ!" मग एकच आवाज उरला, आणि तो पोराचा नव्हता.

धुकं विरल्यावर लोक तिच्या घरी गेले. चुलीसमोर लहान पावलांचे ओले ठसे होते. तिथून ते दाराबाहेर, वाळूवरून थेट बेटावर गेले होते आणि आईच्या कबरीपाशी संपले होते. सोरखा कुणालाच सापडली नाही.

डूनाराला आजही धुक्यात कुणी वाळूवर पाय ठेवण्याआधी मोठ्यानं विचारतं, "सोरखा, कुठं आहेस?" मग सगळे श्वास रोखून ऐकतात आणि आवाजाला वळसा घालून चालू लागतात. त्या वाळूवर "इकडे ये" असं कुणी कुणाला म्हणत नाही. आयासुद्धा पोरांना नुसते हातवारे करून बोलावतात. आणि भाऊबहीण असतील तर त्यांनी पलीकडे जाईपर्यंत एकमेकांचा हात धरायचा, मग घरातून निघताना कितीही भांडण झालेलं असो. फुगलेल्या तोंडानं, एकमेकांकडे न बघता ती पोरं हात घट्ट धरून चालतात. बेटाच्या खडकावर पाय पडला की हात सुटतात आणि अर्धं राहिलेलं भांडण तिथं पुरं होतं.