शेठना सन्मानाने निरोप

एका गावात एक भोळा चिवडेवाला होता. चिवडेवाला म्हणजे मालक नव्हे. मालक मगदूम शेठ. हा नुसता कढईपुढे उभा राहून पोहे परतायचा. नाव केरबा. अकरा वर्षं तीच कढई, तोच झारा, आणि तक्रार एकही नाही. सांगितलं तेवढं करायचा. शेठनी "हलव" म्हटलं की हलवायचा, आणि "थांब" म्हणेपर्यंत हलवायचा. एकदा शेठ "थांब" म्हणायचं विसरून जेवायला गेले. परत आले तेव्हा कढईत पोह्यांचं पीठ होतं.

त्याची बायको हौसा मात्र शहाणी होती. घरात एक शहाणं असलं तरी संसार चालतो.

एक दिवस हौसाचा भाऊ उत्तम पुण्याहून आला. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कोणी एक माणूस जगासमोर नोकरी सोडत होता आणि मागे बाजा वाजत होता.

"दाजी, हल्ली नोकरी अशी सोडतात. मालक हादरतो. धावत येतो आणि मुकादम करतो."

"पण मला नोकरी सोडायची नाही."

"सोडायची नाहीच. नुसतं सांगायचं. मनात असेल ते सगळं बोलायचं, काही ठेवायचं नाही."

हौसा दळण आणायला गेली होती. ती घरात असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

उत्तमने मोबाईल धरला. केरबा ताठ उभा राहिला आणि मनातलं बोलला.

"मी केरबा. मी नोकरी सोडली. माझ्या मनात असं आहे की शेठ चांगले आहेत. पगार वेळेवर देतात. त्यांचा चिवडा चांगला असतो, पण आमच्या हौसाचा जास्त चांगला असतो. मी रोज जाताना दोन मुठी शेंगदाणे खिशातून नेतो. आता मला भूक लागली आहे."

सगळ्या तालुक्याने तो व्हिडिओ पाहिला. शेठनीही पाहिला. ते काही हादरले नाहीत. त्यांनी खाली लिहिलं, "केरबास पुढील वाटचालीस शुभेच्छा. शेंगदाणे माफ."

दुसऱ्या दिवशी केरबा नेहमीच्या वेळी कामावर गेला. कढईपुढे दुसराच माणूस उभा होता.

"शेठ, माझ्या जागी हा कोण?"

"तू नोकरी सोडलीस ना?"

"सोडली नाही. नुसतं सांगितलं."

"तालुक्याला सांगितलंस, मला नाही." शेठना खरंच वाईट वाटलं होतं. "अरे, निघायचं असलं तर महिनाभर आधी सांगावं. असं एकदम बाहेर पडू नये."

केरबाने ते पक्कं लक्षात ठेवलं.

घरी हौसाने कपाळाला हात लावला. "कुणाचीबी असू दे, नोकरी धरा. न्हाईतर मी माहेरी चालले."

"उत्तमकडे?"

"व्हय."

"मग त्याला विचार, आता पुढं काय बोलायचं."

हौसाने पिशवी भरायला घेतली. मग केरबा नोकरी शोधायला निघाला. तो गावातल्या मंगल कार्यालयात गेला. तिथले व्यवस्थापक इनामदार. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शेंगदाणेवाला तूच ना?"

"मीच."

"निदान खरं तरी बोलतोस. वाढप्यांत उभा राहा."

तिसऱ्याच दिवशी भटारखान्यातल्या ताडपत्रीने पेट घेतला. आचारी पळाले. वऱ्हाडी पळाले. नवरदेव तर सगळ्यांच्या पुढे. केरबा वरणाची बादली धरून जागेवर उभा.

"अरे, बाहेर पड," इनामदार ओरडले.

"पडतो. महिनाभराने. आज सांगून ठेवतो."

इनामदारांनी त्याला बखोटीला धरून ओढत बाहेर काढलं. त्यात इनामदारांची मिशी तेवढी एका बाजूने जळाली.

"गाढवा, धूर दिसला की विचार करायचा नाही. हाताला जे मोलाचं लागेल ते उचलायचं आणि पळत सुटायचं. आता माझ्याकडे येऊ नकोस."

केरबाने हेही पक्कं लक्षात ठेवलं. महिन्याचं विसरला.

मग तो लाटकरांच्या नव्या कापड दुकानात गेला. लाटकरांनी आधी त्याचा मोबाईल काढून घेतला आणि मग नोकरी दिली. दुसऱ्या दिवशी दुकानाचं उद्घाटन होतं. निवृत्त मामलेदार प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. वय ब्याऐंशी. गुरुजींनी होम पेटवला. धूर झाला.

केरबाने विचार केला नाही. आजूबाजूला पाहिलं. तिथं मामलेदारांइतकं मोलाचं दुसरं काही नव्हतं. त्याने त्यांना खांद्यावर टाकलं आणि बाजारपेठेतून पळत सुटला. मामलेदार ओरडत होते, "मला खाली ठेव." पण खाली कधी ठेवायचं ते इनामदारांनी सांगितलं नव्हतं. वेशीपाशी लाटकरांनी त्याला गाठलं.

"अरे, मोठ्या माणसाला असं उचलतात? चार लोक जमले की त्याला खुर्चीत बसवायचं. खांद्यावर शाल घालायची. नारळ द्यायचा. चार चांगले शब्द बोलायचे. आणि सन्मानाने निरोप द्यायचा. जा आता, तुझा मोबाईल घे आणि घरी जा."

केरबाने हे तर दोनदा घोकलं.

हौसाची पिशवी आता दाराशी आली होती. पण तिचा पाय निघेना. तिने पदर खोचला आणि थेट मगदूम शेठना गाठलं. शेठही कंटाळले होते. नवा माणूस एका हाताने परतायचा आणि दुसऱ्या हाताने मोबाईल बघायचा. आठवड्यात तीन घाणे जळाले होते.

"घेतो त्याला परत," शेठ म्हणाले. "पण गेला जगासमोर, तर यायचंही जगासमोर. उद्या इथंच कारखान्यात व्हिडिओ करू. मी शेजारी उभा राहतो. 'मी परत आलो' एवढंच म्हणू दे. तीन शब्द."

हौसाने तीन शब्द रात्री म्हणून घेतले, सकाळी म्हणून घेतले, आणि कारखान्याच्या दारात पुन्हा एकदा म्हणून घेतले.

मोबाईल सुरू झाला. सगळा तालुका थेट बघत होता. कामगार गोळा झाले. केरबाने पाहिलं, चार लोक जमलेत आणि मोठा माणूस उभा आहे. त्याने शेठना खुर्चीत बसवलं. शाल नव्हती म्हणून खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या अंगावर घातला. देव्हाऱ्यातला नारळ आणून हातात दिला. शेठचे डोळे भरून आले. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. दारात हौसाने देवाला हात जोडले.

मग केरबा चार चांगले शब्द बोलला.

"शेठनी पस्तीस वर्षं इथं काम केलं. कधी खाडा केला नाही. आता त्यांनी घरी नातवंडांत रमावं. आपण सगळे त्यांना सन्मानाने निरोप देऊ. मी परत आलो."

शेठच्या हातातला नारळ खाली पडला. तोवर फोन वाजू लागले होते. पोहेवाला म्हणाला, पुढचा माल कुणाच्या नावाने पाठवू? जावई म्हणाला, मी येऊन बसू का गल्ल्यावर? गावच्या ग्रुपवर तर शेठच्या सत्काराची तारीखही ठरली. "मी सोडलेलं नाही, मी इथंच आहे," हे शेठ दोन तास एकेकाला सांगत बसले. घसा बसला.

शेवटी त्यांनी फोन बंद केला. टॉवेल काढून ठेवला. हौसा दारात रडत होती. तिच्याकडे पाहून शेठना दया आली. माणूस मनाचा मोठा.

"जाऊ दे," ते बसल्या घशाने म्हणाले. "झालं ते झालं. केरबा, झारा घे आणि कामाला लाग."

केरबा जागचा हलला नाही.

"तुमच्या सांगण्यावरून कसा लागू, शेठ? तुम्ही आता इथले नाही."

आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला, नवा मालक येईल त्याची वाट बघत.