कोणाचं बोट हललं नाही?

कराडच्या एका मंगल कार्यालयात पराक्रम सरांचं ऑनलाइन कमाईचं शिबिर भरलं होतं. वस्तूची लिंक पाठवायची, तिच्यावरून कुणी खरेदी केली की कमिशन आपलं! ऋजुताची आई तर जेवणाच्या डब्यांचा चालता धंदा बंद करून नाव नोंदवायला निघाली होती. ऋजुताला मात्र कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. पण माइक किंचाळला तरी दचकणारी ती पोर, बोलणार कशी?

"सर, मागच्या शिबिरातल्या लोकांना का जमलं नाही हो?" आईनंच विचारलं.

"आळस, ताई! लिंक पाठवायला बोट हलत नाही लोकांचं."

ऋजुतानं फलकावरचा सरांचा नंबर टिपला, मोबाइलवर काहीतरी केलं आणि ती उठून उभी राहिली. "सर, तुम्हाला मिक्सरची लिंक पाठवलीय. बघता?"

सर हसले. "खुळी की काय गं? अनोळखी नंबरची लिंक मी जन्मात उघडत नाही. सगळी फसवाफसवी असते!"

"म्हणजे माझं बोट हललं, सर," ऋजुता म्हणाली. "पुढचं बोट तुमचं होतं. ते नाही हललं."

आईनं अर्ज टेबलावर परत ठेवला. "चल गं, कणीक मळायचीय."