वाट दिली

फार जुनी गोष्ट आहे, वाटा अजून माणसांच्या पायांनीच पडत होत्या तेव्हाची. एका डोंगरावर गढी होती आणि गढीला लागून एक वाडी. दुसरी वाडी खाली, नदीकाठी. दोन्हींमध्ये कड्याला चिकटून गेलेली एकच पाऊलवाट. ती इतकी अरुंद की समोरासमोर आलेल्यांचं अंगाला अंग घासायचंच. म्हणून जुन्या लोकांनी कड्यात जागोजाग कपारी खोदून ठेवल्या होत्या. ओझं घेऊन चढणाऱ्यानं हाक द्यायची, “वाऽट!” उतरणाऱ्यानं कपारीत शिरायचं, तोंड कड्याकडे करायचं आणि म्हणायचं, “दिली!” त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

त्या वर्षी तापाची साथ आली. एरवी जी नुसती रीत होती, तिच्यावर आता माणसांचे जीव अवलंबून होते.

वरच्या वाडीतले आजारी एका झोपडीत वेगळे ठेवले होते. खालच्या वाडीतली एक बाई नदीकाठचा पाला उकळून रोज मडकंभर काढा त्यांच्यासाठी वर न्यायची. लोक तिला काढेवाली म्हणत. तिच्या बहिणीची सहा वर्षांची पोरही त्याच झोपडीत होती. काढा पोटात गेला की पोरीचा ताप उतरे, चुकला की भडके.

इकडे गढीच्या सरदाराला घरात बसून कंटाळा आला. मग तो तीन सोबत्यांना घेऊन सकाळी पाय मोकळे करायला वाटेवर उतरू लागला. चौघेही एकमेकांना खेटून, हसत-खिदळत चालायचे. सांगताना आजही माझं डोकं फिरतं. लोक पटापट मरत होते आणि यांना हवा खायची होती.

एका सकाळी अगदी निमुळत्या जागी काढेवाली त्यांच्या समोर आली. तिनं हाक दिली. सरदाराच्या मागे दोन पावलांवर कपार होती, तिची कपार खूप खाली राहिली होती. पण सरदार हलला नाही. डोंगर माझा, वाट माझी, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहू, तेही तुझ्यासाठी, असं त्यानं विचारलं.

“सरकार, मी रोज आजाऱ्यांपाशी बसते,” ती म्हणाली. “माझं अंग तुमच्या अंगाला लागू देऊ नका.”

सरदार हसला. ताप आपल्याला ओळखतो, अंगाला हात लावायची त्याची छाती नाही, म्हणाला. चौघे तिला रेटून पुढे गेले. कुणाचं तरी कोपर लागलं आणि मडकं दरीत गेलं.

दुसरा काढा उकळून वर पोचेपर्यंत दिवस मावळला. पोर तोवर गेली होती. काढेवाली रडली नाही. तिनं गढीकडे बघून तोंडाला येतील तेवढे तळतळाट दिले.

सहाव्या दिवशी सरदार तापानं फणफणला. खाली निरोप आला. काढेवाली पाला ढवळत होती आणि त्याला शिव्या घालत होती. वर जायचंच नाही, असं तिनं तीनदा ठरवलं. पण झोपडीतल्या बाकीच्यांचा काढाही त्याच मडक्यात होता. तिनं मडकं उचललं.

वाटेत सरदाराचे तिघे सोबती दिसले. ताप बघून ते गाठोडी घेऊन गढीतून पळ काढत होते. तिनं हाक दिली, तरी तिघे खाली येतच राहिले. या वेळी ती मडकं सांभाळत उलट्या पावलांनी खालच्या कपारीत जाऊन उभी राहिली. वर एकमेकांच्या पुढे निघायच्या घाईत तिघांची गाठोडी निमुळत्या जागी अडकली. कुणी कुणासाठी मागे सरेना. एकमेकांवर खेकसण्यात दुपार कलली, मग कुठे वाट मोकळी झाली.

सरदार दाराकडे डोळे लावून पडला होता. इतका उशीर का केलास, त्यानं विचारलं.

“वाट मागत होते, सरकार,” ती म्हणाली. “तुमच्या माणसांनी दिली नाही.”

काढ्यानं त्याचा जीव वाचला, पण तोवर पायांतलं बळ गेलं होतं, ते परत आलं नाही. साथ सरली. सरदाराची बाज गढीच्या दारात असे. खालून “वाऽट!” अशी हाक आली की तो बाजेवरूनच ओरडे, “दिली!” त्याच्याकडे कुणी मागितलेली नसे. काढेवाली ते ऐकायची आणि त्याच्याकडे न बघता पुढे जायची.

तात्पर्य: जो दुसऱ्याची वाट अडवतो, तो आपल्याकडे येणाऱ्या मदतीचीच वाट अडवून बसतो.