माग घरी गेले तेव्हा

एकदा एका विणकरांच्या गावात मोठी साथ आली. तेथील व्यापाऱ्याने आपला कारखाना बंद केला आणि प्रत्येक विणकराच्या घरी माग पोचवला. सूत गाडीवानाने न्यावे, लुगडी गाडीवानाने आणावीत, असा क्रम ठरला. साथ ओसरून दोन वर्षे लोटली, तरी माग घरीच राहिले. माल चोख आणि वेळेवर येत होता. पण व्यापाऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. डोळ्यांआड माणसे काम करतात की झोपा काढतात, कोण जाणे! त्याने हुकूम लिहिला: पौर्णिमेपासून सर्वांनी कारखान्यात यावे, न येणाऱ्याचा माग काढून घेतला जाईल.

हुकूम घेऊन तो आशीर्वादासाठी आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. गुरूंनी कागद वाचला, घडी घातली आणि आसनाखाली सारला.

"सर्वांत सुरेख लुगडी कोणाची येतात?"

"नरसय्याची. वीस वर्षं माझ्याकडे आहे तो."

"त्याच्या घरी चहा पिऊन ये. कामाचा शब्द काढू नकोस. मग हुकूम परत देतो."

म्हातारपणी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही, असे पुटपुटत व्यापारी निघाला.

नरसय्याच्या घरी मागावर त्याची बायको बसली होती. मालकाला दारात पाहताच तिच्या हातातला धोटा गळून पडला.

"नरसय्या कुठे आहे?"

"ते जाऊन चार महिने झाले, मालक." तिला रडू फुटले. "तुम्हांला कळलं तर माग न्याल, म्हणून बोलले नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, मला कारखान्यात यायला जमणार नाही. पाया पडते, माग नेऊ नका."

गेले चार महिने आलेले प्रत्येक लुगडे व्यापाऱ्याने नरसय्याचे म्हणून वाखाणले होते. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटले. "माग तुमचाच आहे, ताई," एवढेच तो कसेबसे बोलला.

परतल्यावर तो गुरूंवर उसळला. "तुम्हांला ठाऊक होतं! मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर गाडीवानाबरोबर दुखवट्याची चिठ्ठी धाडली असतीस," गुरू म्हणाले. "बाबा रे, माग घरी गेले यात काही वावगं झालं नाही. त्या बाईचा संसार त्यावरच तरला. पण माणसांची विचारपूसही तू गाडीवानावर सोपवलीस. आता त्यांना हुकमाने समोर बसवलंस, तरी तुला लुगडीच दिसतील."

हुकूम परत मागण्याचे व्यापाऱ्याला भान राहिले नाही. नरसय्याशी आपण शेवटचे काय बोललो, ते तो आठवत होता. काही केल्या आठवेना.

घरून काम बरे की कचेरीतून, या वादात उतरण्यापूर्वी आपणही आपल्या एखाद्या सहकाऱ्याबद्दल एवढे आठवून पाहावे.