मामाच्या वहाणा

“मी वहाणा घालू? मी?”

आत्मारामबुवांचा आवाज मठाच्या पडवीत घुमला. समोर त्यांचे गुरू भानगिरीबाबा सुपारी कातरत बसले होते. शेजारी बुवांची धाकटी बहीण गिरजा, आणि तिच्या पुढ्यात वहाणांचा कोरा करकरीत जोड. धाकट्या लेकीच्या लग्नाचं आवतण द्यायला ती आली होती, आणि येताना हा जोड घेऊन आली होती.

दीक्षा घेतल्यापासून बुवांनी पायात काही घातलं नव्हतं. चैत्राच्या उन्हातसुद्धा नाही. पंचक्रोशी त्यांना अनवाणीबुवा म्हणायची. खरं सांगायचं तर बुवांना ते नाव फार गोड लागायचं.

“माझं व्रत ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे, दादा. म्हणूनच आणल्या.”

“ऐकलंत, बाबा? सख्खी बहीण!”

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“घाल की.”

बुवांचा कानांवर विश्वास बसेना. व्रत याच माणसासमोर घेतलेलं. म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

“बाबा, वहाणा म्हणतेय ती. चामड्याच्या.”

“दिसतायत. बऱ्या आहेत.”

...

मग गिरजाच बोलली.

“थोरलीच्या लग्नात दादा मंडपाच्या दाराशी आला, आणि बायका याचे अनवाणी पाय धुवायला धावल्या. कुंकू काय, फुलं काय! आत भटजी ओरडतायत, मुलीच्या मामाला बोलवा. मामानं हात धरून नवरीला बोहल्यावर आणायची, बाबा. हा आलाच नाही. मुहूर्त टळायला लागला, तेव्हा शेजारच्या वामनरावांनी आणली पोरीला. रडत उभी राहिली ती. अजून मामाचं नाव काढत नाही.”

तिनं पदरानं डोळे पुसले.

“आता धाकटी म्हणते, मामाचे पाय धुऊन होईस्तोवर मी थांबायची नाही. एकटीच चालत जाईन.”

“लोकांच्या श्रद्धेला मी काय करू?” बुवा उसळले. “माझ्या पाया पडा, असं मी कुणाला सांगत नाही. मला त्यातलं काही नको असतं. तुम्हीच सांगा, बाबा!”

गुडघ्यावर हात टेकून बाबा कसेबसे उठले. पडवी ओलांडून बुवांपुढे आले. खाली बसले. आणि आपलं पांढरं डोकं त्यांनी सरळ शिष्याच्या पायांवर ठेवलं.

गिरजा किंचाळली.

“अगं बाई! दादा, अरे पाय मागं घे! बाबा आहेत ते!”

बुवांनी पाय मागे घेतले नाहीत.

उलट त्यांचा उजवा हात वर उठला होता. आशीर्वादाला.

...

तो हात बुवांना स्वतःलाच दिसला. गुरूच्या डोक्यावर धरलेला, आपला हात! हात खाली घ्यावा हेही त्यांना सुचेना. शेवटी ते मटकन खालीच बसले.

बाबांनी डोकं उचललं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच बुवांना सोसवेना.

मग बुवांनी वहाणा ओढून घेतल्या. पायांना सवय नव्हती, अंगठा आत जाईना. गिरजा पुढे वाकली आणि तिनंच त्या भावाच्या पायात नीट बसवल्या. बुवा उभे राहिले. दोन पावलं टाकली. वहाणा करकरल्या.

“बाबा...” त्यांच्या आवाजात अजून थोडी आशा होती. “अक्षता टाकताना तरी काढू ना?”

“काढ की. सगळे काढतील तेव्हा काढ... आणि सगळे घालतील तेव्हा घाल.”